तीन तास अठ्ठावीस मिनिटे अडलेला मेल

यंदाच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी १०.५२ वाजता, आमच्या कंपनीच्या मेल तपासणाऱ्या यंत्रात वैशाली राठोड हिच्या नावाचा एक मेल आला. तिच्या वडिलांच्या निधनाची बातमी त्यात होती. मातीची वेळ दुपारी तीनची दिली होती. हा मेल तिच्या कॉम्प्युटरवर २.२० ला पोचला. मधले तीन तास अठ्ठावीस मिनिटे तो यंत्रात अडलेला होता. तो कोणी अडवला नव्हता आणि कोणी सोडलाही नाही.

एवढीच बातमी. तपशील खाली देतो.

मी सोळा वर्षं हिंगोलीत एका दैनिकाच्या जिल्हा पानाचा उपसंपादक होतो. भानामतीच्या बातम्या वर्षाला दोन-चार यायच्याच. घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेटतात, बाया घुमतात… मी वार्ताहराला दोनच प्रश्न विचारायचो – पाहिलं कोणी, आणि किती वाजता? नाव आणि वेळ मागितली की संध्याकाळपर्यंत त्याचाच फोन यायचा, "साहेब, ती बातमी राहू द्या." असल्या अजब घटनांच्या सदरात एक दिवस माझाच मजकूर जाईल असं कोणी म्हटलं असतं, तर त्यालाही मी हेच दोन प्रश्न विचारले असते. म्हणून इथे जमेल तिथे वेळ दिली आहे. गावांची नावं खरी आहेत, माणसांची बदलली आहेत. कंपनीचं नाव देत नाही.

कंपनी हळदीची आहे, कुरुंद्याच्या बाहेर. शिजवून वाळवलेली हळद शेतकऱ्यांकडून घ्यायची, पॉलिश करायची, दळायची आणि परदेशात पाठवायची. पुढे ऑफिस, मागे प्रयोगशाळा, त्यामागे गिरणी. वर्तमानपत्र सोडल्यावर मी इथे पत्रव्यवहार बघायला लागलो. खाण्याच्या वस्तूचा कारखाना असल्यामुळे काही नियम कडक आहेत. मोबाईल आत न्यायचा नाही, गेटवरच्या कपाटात आपापल्या खणात ठेवायचा. कँटीनमध्ये जाताना आणि बाहेर पडताना अंगठा लावायचा, म्हणजे किती जण जेवले ते स्वयंपाक करणाऱ्याला कळतं. हे दोन्ही नियम पुढे लागणार आहेत.

आता यंत्राबद्दल. ऑफिसात एका कपाटात करड्या रंगाची एक चपटी पेटी बसवलेली आहे. कंपनीत येणारा प्रत्येक मेल आधी तिच्यात थांबतो, तपासला जातो आणि मग ज्याचा त्याला जातो. तपासण्याची एक पद्धत म्हणजे शब्दांच्या याद्या. त्यांना डिक्शनरी म्हणतात. यादीतल्या प्रत्येक शब्दाला गुण द्यायचे. समजा 'बक्षीस' चार, 'केवायसी' पाच, 'ताबडतोब' दोन. मेलमधल्या शब्दांच्या गुणांची बेरीज दहाच्या वर गेली की मेल अडवायचा. अडवलेला मेल माणसाने बघून सोडेपर्यंत तिथेच राहतो. पण नुसती यादी केली म्हणून काहीच होत नाही. त्या यादीला एक नियम जोडावा लागतो – 'या यादीतले शब्द इतके भरले तर असं कर'. नियम न जोडलेली यादी म्हणजे ड्रॉवरमध्ये पडलेला कागद. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवावा.

हे यंत्र इम्रान बघतो. तो हिंगोलीचा आहे, आठवड्यातून तीन दिवस कुरुंद्याला येतो. दीड-दोन वर्षांपूर्वी फसवणुकीचे मेल मराठीत यायला लागले. अनुदान मंजूर झालंय, खातं बंद होतंय, असले. यंत्राबरोबर आलेल्या याद्या इंग्रजी होत्या. इम्रान म्हणाला, "सर, मराठी के शब्द आपही लिख के देव. आप पेपरवाले." अशा रीतीने कंपनीतल्या मराठी डिक्शनऱ्या माझ्याकडे आल्या. मेल अडवला तर पाठवणाऱ्याला जी सूचना आपोआप जाते, तिचा मजकूरही मीच लिहिला: 'आपला संदेश तपासणीसाठी थांबवण्यात आला आहे. तपासणीनंतर तो संबंधितांकडे पाठवला जाईल. हा संदेश यंत्राने पाठवला आहे, कृपया उत्तर देऊ नये.'

शब्द गोळा करताना मला किसनमामांची मदत झाली. मामांनी बत्तीस वर्षं कुरुंदा आणि आसपासच्या गावांत सायकलवर टपाल वाटलं. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे आवक-जावकच्या टेबलावर बसायचे. मला 'संपादक' म्हणायचे. मी उपसंपादक होतो हे मी चारदा सांगितलं होतं. "उप-बिप घरी," म्हणायचे, "आमच्यासाठी संपादकच."

शिव्यांच्या यादीसाठी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी आधी खिडकीतून बाहेर बघितलं.

"एवढ्या सकाळी? बरं, लिवा. पण तिकडं बाया बसल्यात, हळू सांगतो."

त्यांनी एकोणीस सांगितल्या. एक मी दोनदा लिहिली असं मला वाटलं, तर म्हणाले, "ती येगळी. ती आपल्या कुरुंद्याची न्हाई, वसमतची हाय."

त्या दिवसांत लग्नपत्रिकेच्या नावाने फोन हॅक करणाऱ्या फाइली फिरत होत्या. म्हणून मी 'लग्नपत्रिका' आणि 'आग्रहाचे निमंत्रण' यांना सहा-सहा गुण दिले. पुढच्याच आठवड्यात आमच्या संचालकांच्या मुलीचं लग्न ठरलं. त्यांनी घरच्या मेलवरून साऱ्या ऑफिसला पत्रिका पाठवली आणि यंत्राने ती एकूण एक अडवली. चार दिवस कोणाला निमंत्रण नाही. यंत्राच्या सूचना संचालकांच्या घरच्या मेलमध्ये न उघडता पडल्या होत्या. ते तोंड पाडून फिरत होते, कारण कोणी अभिनंदनही करेना.

मामा इम्रानच्या खोलीत आले ते हसतच.

"साहेबाच्या पोरीची पत्रिका अडवली व्हय संपादक? बत्तीस वर्षांत मी लग्नाचं पत्र एक दिवस अडवलं न्हाई. कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट दिसलं की पहिल्यांदा त्या घरी. अन इथं तर कंपनीच हळदीची!"

"फिर मामा, क्या रोकने का?" इम्रानने विचारलं.

"मयताचं," मामा म्हणाले.

हसणं थांबलं. ते स्टुलावर बसले आणि त्यांनी जे सांगितलं ते मी त्या दिवशीच वहीत लिहून ठेवलं होतं, सवयीने.

मयताचं कार्ड लांबूनही कळायचं. वर 'श्री' नसायचा. अशी कार्डं मामा थैलीत वेगळी, मागच्या बाजूला ठेवायचे. ज्याचं कार्ड, त्याच्या घरावरून एक चक्कर मारायची. चुलीवर धूर असला तर पुढे जायचं. परत यायचं. माणूस जेवून हात धुताना दिसला की मग सायकल उभी करायची. कारण एकदा कार्ड वाचलं की त्या घरात चूल पेटत नाही.

"नोकरीच्या पहिल्या साली मला कुटं अक्कल व्हती," ते म्हणाले. "एका बाईला दारातच वाचून दाखवलं. बाप गेला व्हता तिचा. भाकर तव्यावर व्हती. ती तशीच निघाली. अंगावर पितं लेकरू. तीन दिवस पोटात अन्न न्हाई बाईच्या… लेकराचे लई हाल झाले. तवापासून कवा चुकलो न्हाई."

"म्हणजे तुम्ही लोकांचं टपाल अडवायचे," मी म्हणालो. "हा गुन्हा आहे, मामा."

"व्हय," ते म्हणाले. "कराना अटक."

त्यांनी मयताच्या मेलसाठी एक यादी करायचा आग्रह धरला. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी बसून त्यांनी शब्द सांगितले, मी टाइप केले: मयत, माती, वारले, देवाज्ञा, सावडणे, दहावा, तेरवी… एकूण चाळीस. त्या वेळी तिथे आम्ही दोघेच होतो. शब्द संपल्यावर मी सहज विचारलं की जेवायला थांबवलेला माणूस मातीला वेळेवर पोचायचा कसा?

"त्याची सोय नगं का करायला?" मामा म्हणाले. "तिकडं जाणाऱ्या एस्टीच्या कंडक्टरजवळ निरोप द्यायचो. निरोप मिळाला, लेकरू जेवून निघतंय, तवर माती थांबवा. इकडं अडवायचं असंल तर तिकडं थांबवावं लागतं, संपादक. न्हाई तर ते पाप."

यादी इम्रानला दिली. त्याने ती यंत्रात 'किसनमामा' या नावाने चढवली. नियम जोडला नाही. जोडणं शक्यच नव्हतं. कोणाच्या मरणाची बातमी अडवणारा नियम कोण मंजूर करेल? "मामा का दिल रह गया, बस," तो म्हणाला. मामांनी मला विचारलं, "लावलं का?" मी म्हणालो, "लावलं." हे खोटं होतं. त्या दिवशी पोळ्याची सुट्टी लागणार होती आणि मला विषय संपवायचा होता.

मामा दिवाळीनंतर महिनाभरात गेले. झोपेतच. कुरुंद्यातल्या मातीला आम्ही सगळे होतो.

आता तो मंगळवार.

वैशाली आमच्या प्रयोगशाळेत हळदीचे नमुने तपासते. वय सव्वीस. तिचं माहेर कनेरगाव नाक्यापासून आत सहा किलोमीटरवरचा एक तांडा. वडील बरेच दिवस आजारी होते. त्या पहाटे ते गेले. त्या भागातली मोबाईलची केबल रस्त्याच्या खोदकामात आदल्या दिवशी तुटली होती, फोन लागत नव्हते. ग्रामपंचायतीचं इंटरनेट वेगळ्या तारेवर होतं, ते चालू होतं. तिथल्या ऑपरेटरने आधी तिला व्हॉट्सअॅप केला, १०.४९ ला. तिचा फोन गेटवरच्या कपाटात होता. मग मागे एकदा तिचा दाखला ज्या पत्त्यावर पाठवला होता तो कंपनीचा मेल त्याने वहीतून शोधला आणि तीन ओळी लिहिल्या. तो हा १०.५२ चा मेल.

२.२५ ला वैशाली माझ्या टेबलाशी आली. ती रडत नव्हती. "सर, गाडी हाय का तुमच्याकडं?" एवढंच म्हणाली. तिने प्रिंट काढून आणली होती, ती माझ्यापुढे ठेवली.

आम्ही २.३१ ला निघालो. कुरुंद्याहून हिंगोली, हिंगोलीहून वाशीम रस्त्याने नाका, मग आत. कितीही जोरात गेलं तरी दोन तास. तीन वाजताची माती गाठणं शक्य नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. ती फोन लावत होती. लागत नव्हता.

वीसेक मिनिटांनी तिने ती प्रिंट पुन्हा उघडली.

"सर, याच्यावर दहा बावन्न लिवलंय."

"हो."

"मंग इतका वेळ कुटं व्हता हा?"

"यंत्रात अडकला असेल. बघावं लागेल."

"अडकला म्हंजी? शब्द तुमीच घातले न्हवं त्याच्यात? आख्खी कंपनी म्हणते, सरांनी शब्द घातले." तिने कागद माझ्या बाजूला धरला. "माझा बाप मेला, याच्यातला वाईट शब्द कोणता, सांगा ना. काहून अडवला?"

 मला माहीत नव्हतं. 'किसनमामा' ही यादी मला त्या क्षणी आठवलीसुद्धा नाही.

तीन वाजले तेव्हा तिने गाडीतल्या घड्याळाकडे पाहिलं. मग फोन पर्समध्ये ठेवून दिला. हिंगोली ३.४० ला ओलांडलं. उड्डाणपुलाच्या पुढे मी एका ट्रकला घासून पुढे काढत होतो, तेव्हा ती म्हणाली,

"सर, आता सावकाश चालवलं तरी चालंल."

नाक्यावर ढाब्याजवळ वळून आम्ही आत शिरलो. तांड्यावर पोचलो तेव्हा ४.३५ झाले होते. माणसं झाडाखाली बसलेली होती. कोणी हातपाय धुऊन परतलेलं दिसत नव्हतं. अंगणात तिरडी बांधून तयार होती आणि वडील अजून बाजेवरच होते. चेहरा उघडा ठेवला होता.

वैशाली गाडी थांबायच्या आत उतरली.

तांड्याचे नायक तिचे चुलतेच. ते माझ्याकडे आले. मी म्हणालो, "उशीर झाला. तुम्ही थांबलात, फार उपकार झाले."

"उपकार कशाचे, तुमीच कळवलं न्हवं?" नायक म्हणाले. "तीनला उचलायचंच ठरलं व्हतं. पोरीला निरोप भेटला का न्हाई, कायबी कळंना. मंग ऑपरेटर कागद घेऊन आला. म्हटलं, कंपनीनं एवढं लिवलंय त बसू."

ऑपरेटरने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. मेलची प्रिंट होती. वेळ १०.५३. पाठवणाऱ्याचा पत्ता आमच्या यंत्राचा – ज्या पत्त्यावरून फक्त त्या आपोआप जाणाऱ्या सूचना जातात, तो. मजकूर पूर्ण देतो:

'निरोप मिळाला. लेकरू जेवून निघतंय. तवर माती थांबवा. हा संदेश यंत्राने पाठवला आहे, कृपया उत्तर देऊ नये.'

मी तो तिथे उभ्याने तीन-चार वेळा वाचला. बाजेपाशी वैशालीची आई – ती तिला याडी म्हणते – लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरून काहीतरी विचारत होती. त्यांच्या बोलीतलं मला कळलं नाही. वैशालीने होकारार्थी मान हलवली. परतताना मी नायकांना विचारलं, आई काय म्हणाली?

"तिनं इचारलं, जेवून निघालीस ना? कागदात लिवलंय तसं?"

वडिलांना ५.१० ला उचललं. वैशालीने पाणी पाजलं, चेहरा पाहिला. मी अंधार पडायच्या आत हिंगोलीला आलो.

दुसऱ्या दिवशी इम्रानने आणि मी यंत्राच्या नोंदी काढल्या. त्या मेलपुढे लिहिलं होतं: अडवला. यादी – किसनमामा. सापडलेले शब्द – मयत, माती, वारले. नियमाचा रकाना रिकामा. सोडण्याची वेळ – २.२०. सोडणाऱ्याच्या नावाचा रकाना रिकामा.

"सर, इसको रूलच नै लगाया मैंने," इम्रान म्हणाला. "ये देखो, आज भी नै है. रूल के बगैर कैसा रोकेगा?"

"सोडला कोणी?"

"मैं हिंगोली में था, लॉगिनच नै किया उस दिन. आपका पासवर्ड तो रिलीज करताच नै."

जे करता येईल ते केलं. यंत्राचं घड्याळ तपासलं, बरोबर होतं. त्या आठवड्यात कुठलं अपडेट आलं नव्हतं. ऑपरेटरचा तोच मजकूर वेगवेगळ्या पत्त्यांवरून आम्ही दहा वेळा पाठवला. दहाही वेळा सरळ निघून गेला. यंत्र पुरवणाऱ्यांचा इंजिनिअर दोन दिवस दुरून बघत होता. त्याच्या अहवालात लिहिलं आहे की हा प्रकार पुन्हा घडवून पाहता आला नाही.

सूचनेचं कोडं त्याहून अवघड निघालं. यंत्रात असलेला मजकूर माझाच आहे, अक्षरशः तोच, आणि त्यात शेवटचा बदल माझ्याच लॉगिनने गेल्या वर्षी केलेला. जाणाऱ्या मेलच्या नोंदीत १०.५३ ला काहीही नाही. इम्रानला घेऊन मी पुन्हा तांड्यावर गेलो. ऑपरेटरने त्याचा इनबॉक्स उघडून दाखवला. मेल तिथे आहे. इम्रानने त्या मेलच्या पोटातल्या तांत्रिक ओळी वाचल्या. तो आमच्याच पेटीतून निघालेला आहे.

'लेकरू जेवून निघतंय, तवर माती थांबवा' हे वाक्य मामांनी माझ्यासमोर उच्चारलं, तेव्हा तिसरं कोणी नव्हतं. ते वहीत लिहिलं असलं तरी वही माझ्या घरी असते. वार्ताहराने अशी बातमी आणली असती तर मी म्हणालो असतो, मग संशयित एकच आहे, त्याला गाठ. तो संशयित मी. त्या मंगळवारी १०.४० ते ११.२० मी वजनकाट्याच्या शेडमध्ये होतो. तिथल्या कॅमेऱ्याचं चित्रण मी स्वतःच काढून पाहिलं. मी त्यात दिसतो, हातात चहाचा कप आहे.

कारण सापडलेलं नाही. संचालकांनी ती यादी पुसून टाकायला सांगितलं. मी म्हणालो, जिचा मेल अडला तिला आधी विचारू.

वैशाली पंधरा दिवसांनी कामावर आली. मी तिला सगळं सांगितलं – मामा, चाळीस शब्द, न जोडलेला नियम, आणि मामांना मी मारलेली थाप. तिने मामांना पाहिलेलं होतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी गेटवर फोन ठेवायला खण कोणता, ते त्यांनीच दाखवलं होतं.

"राग आहे का?" मी विचारलं.

"हाय ना. अकराला भेटला असता त एक-सव्वापर्यंत घरी असते. याडी एकटी व्हती तवर. पण तिथं दोन दिवस चूल न्हवती, सर. याडीला मीच धरून व्हते. उपाशी असते त मलाच कोणीतरी धरावं लागलं असतं."

"मग यादी पुसायची का?"

"मला काय इचारता. नियम न्हाई म्हणता, मंग पुसून काय अन ठेवून काय." मग तिने मला एक प्रश्न विचारला, जो मी सोळा वर्षं दुसऱ्यांना विचारत आलो होतो आणि इथे विचारायचा राहिला होता. "वेळ बघितली का तुमी? जेवायची सुट्टी एकला असते. तो एकला आला असता त मी समजले असते, बरं, यंत्रात सुट्टीची वेळ टाकलेली असंल. पण त्या दिवशी नमुने व्हते, मला जेवायलाच उशीर झाला. दोनच्या पुढं गेले मी. येऊन खुर्चीवर बसले अन मेल आला. यंत्राला काय माहीत, मी कवा जेवले?"

कँटीनमधलं अंगठ्याचं यंत्र वेगळं आहे. ते ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेलं नाही. त्याच्या नोंदी महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर काढतात. त्या महिन्याच्या काढायच्या राहिल्या होत्या. मी आणि इम्रानने त्या वैशालीसमोरच काढल्या.

त्या मंगळवारची नोंद अशी आहे: राठोड वैशाली. आत – २.०४. बाहेर – २.१९.